बरणीच्या तळाशी सापडलेली गाठ : पित्ताशयातल्या एका दुर्मिळ वाढीचे प्रकरण

(हे प्रकरण अभ्यासासाठी रचून मांडले आहे. त्यातल्या बाई म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. त्यात घडलेल्या चुका मात्र कुठल्याही शहरात रोज घडू शकतील अशा आहेत.)

निफाड तालुक्यातल्या, द्राक्षबागायतदार घरातल्या ५४ वर्षांच्या बाई. आठ महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली दुखायचे. जेवणानंतर तासाभराने कळ सुरू व्हायची, उजव्या खवाट्यापर्यंत जायची आणि दीड-दोन तासांनी आपोआप थांबायची. कावीळ नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. मधल्या काळात त्यांनी पित्ताच्या गोळ्या भरपूर घेतल्या.

इथे आपली भाषाच थोडी घोटाळा करते. छातीत जळजळले की ‘पित्त झालं’, अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ आणि खडे झाले तेही पित्ताच्या पिशवीत. पहिले जठरातले आम्ल, दुसरी ॲलर्जी आणि तिसरा यकृतात तयार होणारा पाचक रस. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने पित्ताशयाची कळ थांबत नाही. ती मुळात आपोआप थांबणारी असते, म्हणून गोळीला यश मिळाल्यासारखे वाटते आणि सोनोग्राफी लांबते.

सोनोग्राफी शेवटी नाशिकला झाली. रिपोर्टमध्ये पित्ताशयात अनेक खडे, सर्वांत मोठा ९ मिमी; भिंत २.८ मिमी, मुख्य पित्तनलिका ५ मिमी, म्हणजे फुगलेली नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती : ‘मधल्या भागात १६ मिमीचा, सावली न टाकणारा पांढुरका भाग, बहुधा घट्ट गाळ.’ लिव्हर फंक्शन टेस्ट नॉर्मल.

त्या ओळीतल्या ‘बहुधा’वर थांबायला हवे होते. खड्यामागे काळी सावली पडते आणि कूस बदलली की खडा घरंगळतो. गाळाला सावली नसते, तो सावकाश सरकतो. पॉलिप (अस्तरावर उगवलेला लोंबता उंचवटा) किंवा गाठीलाही सावली नसते, पण ती जागची हलत नाही. म्हणून सावली न टाकणारे काही दिसले की रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, मग बसवून पाहायचे, डॉपलर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावून आत रक्तप्रवाह दिसतो का ते बघायचे. तरी शंका उरली तर काही आठवड्यांनी, सहा ते आठ तासांच्या उपाशीपोटी पुन्हा बघायचे. यातले काही केल्याचा उल्लेख रिपोर्टमध्ये नव्हता. डॉपलर मंद रक्तप्रवाहात फसू शकतो हे खरे, पण कूस बदलायला दोन मिनिटे लागतात.

त्या वेळी ‘१६ मिमीचा पॉलिप’ असे लिहिले गेले असते तर? शस्त्रक्रिया तरीही झालीच असती. युरोपातल्या संस्थांच्या २०२२ च्या संयुक्त सूचनांनुसार १० मिमी किंवा त्याहून मोठ्या पॉलिपसाठी पित्ताशय काढावे असेच आहे. पण आधी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन) झाला असता, सर्जनने पिशवी न फुटण्याची जास्त काळजी घेतली असती, गरज पडल्यास यकृताचा लगतचा भाग काढायची तयारी ठेवली असती. आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर एक ओळ वाढली असती. त्या एका ओळीला किती किंमत आहे ते पुढे येईलच.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. नेहमीची चार छिद्रे, रक्तस्राव नगण्य, पित्ताशय न फुटता सुटले. सर्जिकल ग्लोव्ह बांधून केलेल्या पिशवीत घालून ते वरच्या छिद्रातून बाहेर काढले. ही ग्लोव्हची पिशवी स्वस्तातली असली तरी कामाची आहे. आतली गाठ दुष्ट निघालीच तर तिच्या पेशी छिद्राच्या कडेला न घासता बाहेर येतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘पित्त सांडले नाही, नमुना पिशवीतून काढला’ असे लिहिले होते. एरवी कुणी वाचत नाही असे हे वाक्य तीन आठवड्यांनी सर्वांत आधी शोधले गेले.

गडबड त्यानंतर झाली. नातेवाइकांना खडे दाखवायचे ही पद्धत सगळीकडे आहे, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पैसे मोजलेल्या माणसाला काय निघाले ते पाहायचे असते. बाजूच्या टेबलावर पित्ताशयाच्या तळाकडच्या टोकाला ३ सेंमीची चीर देऊन आतले सगळे किडनी ट्रेमध्ये ओतले गेले. खडे वेचून, धुऊन छोट्या डबीत घालून मुलाच्या हातात दिले. ट्रेमध्ये उरला काळपट-हिरवा चिखल आणि त्यात मऊ, बुळबुळीत लोळा. असा ट्रे बहुतेक वेळा बेसिनमध्ये रिकामा होतो. इथे सिस्टरने तो चिखलासकट बरणीत ओतला. नियम म्हणून की सवयीने, कोण जाणे. पण या प्रकरणातले निदान त्या एका ओतण्यामुळे झाले.

बरणीतही चूक होतीच. पित्ताशय रिकामे असताना साधारण ३०-४० ग्रॅम भरते. फॉर्मलिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, नमुन्याच्या निदान दहापट हवे, म्हणजे ३०० ते ४०० मिली. बरणीत जेमतेम १०० मिली होते, त्यातही पित्त मिसळलेले. पित्त पेशींना खाते. पित्ताशयाचे आतले अस्तर शरीराबाहेर आल्यावर लवकर कुजू लागते आणि मायक्रोस्कोपखाली पेशींची केंद्रके धुरकट दिसतात. फॉर्मलिन सुरुवातीला तासाला साधारण १ मिमी शिरते, म्हणून पातळ भिंतीला अडचण नाही. अडचण येते ती पिशवी बंद ठेवून तशीच बुडवली तर. चीर दिली होती हे त्या अर्थाने बरेच झाले. योग्य रीत अशी : सर्जनने पिशवी उघडलीच तर यकृताला चिकटलेली बाजू सोडून, मोकळ्या बाजूने तळापासून मानेपर्यंत सरळ कापावी, सलाइनने हलके धुवावी, बोटाने किंवा गॉजने अस्तर पुसू नये आणि रुंद तोंडाच्या बरणीत टाकावी. द्रावण म्हणजे तीव्र फॉर्मलिन १ भाग, पाणी ९ भाग, आणि लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम व निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसते पाणी घातलेले फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि स्लाइडवर तपकिरी रंगद्रव्याचे ठिपके पडतात. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेले पित्ताशय मात्र जवळजवळ वाया गेले असे समजावे.

फॉर्मवर लिहिले होते : ‘पित्ताशयातील खडे. तपासणीसाठी पित्ताशय.’ वय, लिंग, तारीख. सोनोग्राफीतल्या १६ मिमीच्या भागाचा उल्लेख नाही.

प्रयोगशाळेत ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना डोळ्यांनी पाहून तुकडे कापण्याच्या, टेबलावर पित्ताशय ८.२ × ३.१ × २.४ सेंमी भरले. भिंत २ ते ३ मिमी, अस्तर हिरवट, मखमली. खड्यांसाठी काढलेली पित्ताशये रोज येतात आणि त्यांतली बहुतेक अशीच दिसतात. तीन तुकडे घ्यायचे, सिस्टिक डक्टची (पित्ताशयातून निघणाऱ्या नळीची) कड, मधला भाग आणि तळ, आणि पुढच्या बरणीकडे वळायचे, अशी ती रांग असते. इथे बरणीतले द्रव टाकण्याआधी गाळून घेतले गेले. साधी बारीक जाळीची चहाची गाळणी, फक्त या कामासाठी ठेवलेली. गाळणीत १.७ × १.२ × ०.९ सेंमीचा करड्या-तपकिरी रंगाचा, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा तुकडा आणि त्याच जातीचे पाच-सहा बारीक कण राहिले.

गाळ आणि ऊतक यांतला फरक चिमट्याला कळतो. गाळ दाबला की भुगा होतो, पाण्यात विरघळून रंग सोडतो. ऊतक दाबले की दबते, सोडले की फुगते, ओढले तर थोडे ताणून मग तुटते. पित्ताशयातल्या या प्रकारच्या वाढी बारीक देठावर लोंबतात आणि फार ठिसूळ असतात. खडा आपटला किंवा पिशवी उलटी केली तरी सुटतात. म्हणूनच त्या ‘गाळ’ म्हणून फेकल्या जातात, आणि आहेत त्याहून जास्त दुर्मिळ वाटतात.

मग दोन प्रश्न. पहिला, हा तुकडा याच बाईंचा कशावरून? दुसऱ्याच्या नमुन्याचा कण बरणीत, चाकूवर किंवा स्लाइडच्या पाण्यात तरंगत येणे ही प्रयोगशाळेतली जुनी डोकेदुखी आहे. उत्तर भिंतीत शोधावे लागते. भिंगाने इंचन् इंच पाहिल्यावर यकृताकडच्या बाजूला, सिस्टिक डक्टच्या कडेपासून ४ सेंमीवर ३ मिमीचा खरखरीत, फाटका ठिपका सापडला. देठाचा बुडखा. तो स्वतंत्र कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या छोट्या डबीत) गेला. यकृताकडच्या पृष्ठभागाला आधी काळी शाई लावली, म्हणजे पुढे काही खोल गेलेले निघाले तर कड ओळखता येईल. दुसरा प्रश्न, बाकीचे कण कुठे? घरी फोन गेला आणि खड्यांची ती डबी परत मागवली. मुलाने ती देव्हाऱ्याशेजारच्या फडताळावरून काढून आणली. ११ खडे आणि त्यांना चिकटलेला ४ मिमीचा एक कण.

पहिल्या खेपेला सात ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेले तुकडे) झाले : तीन सुट्या तुकड्यांचे, एक बुडख्याचा, तळ, मधला भाग आणि सिस्टिक डक्टची कड. स्लाइडवर जे दिसले ते खड्यांच्या नेहमीच्या जुनाट सुजेपेक्षा वेगळेच होते. एकमेकांना खेटून बसलेल्या ग्रंथी, मधूनमधून बोटांसारखे उंचवटे. पेशी बऱ्याचशा जठराच्या खालच्या टोकाच्या ग्रंथींसारख्या, फिकट आणि श्लेष्माने भरलेल्या. एका ठिकाणी, साधारण ४ मिमीत, चित्र बदलत होते. केंद्रके मोठी, गडद, थरांवर थर, विभाजन होणाऱ्या पेशी जास्त. म्हणजे हाय-ग्रेड डिसप्लाझिया, कर्करोगाच्या अलीकडचा पेशींचा तीव्र बिघाड. बुडख्याच्या तुकड्यातही तीच ग्रंथींची रचना होती, त्यामुळे तुकडा याच पित्ताशयाचा हे ठरले.

पॉलिप म्हटले की सर्वांत आधी ज्याचा विचार येतो तो कोलेस्टेरॉल पॉलिप. त्यात फेसाळ पेशींचे पुंजके असतात, तो पेशींच्या नव्या वाढीचा (निओप्लाझमचा) प्रकारच नव्हे आणि त्यातून कर्करोग होत नाही. ॲडिनोमायोमा म्हणजे भिंतीतच स्नायू आणि पोकळ्यांची गाठ. सुजलेल्या अस्तरात जठरासारख्या ग्रंथींचे छोटे पुंजके होतात, तेही वाढ नव्हेत. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, दुसरीकडून आलेला मेलानोमा यांची रचना निराळी. खरी निवड उरली दोन नावांत : पायलोरिक ग्लँड ॲडिनोमा (जठराच्या खालच्या टोकाच्या ग्रंथींसारखी गाठ) आणि इंट्राकोलेसिस्टिक पॅपिलरी निओप्लाझम (पित्ताशयाच्या पोकळीत बोटांसारख्या उंचवट्यांनी वाढणारी गाठ). जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात दोन्ही स्वतंत्रपणे आहेत. इथे उंचवट्यांची रचना, पेशींचे मिश्र प्रकार आणि हाय-ग्रेड भाग पाहता दुसरे नाव जास्त योग्य होते. खरे सांगायचे तर रुग्णासाठी नावापेक्षा पुढचा प्रश्न मोठा असतो : ही वाढ भिंतीत घुसली आहे का?

तो प्रश्न सात ब्लॉकवर सुटत नाही. हे नाव आणि त्यासाठीची किमान १ सेंमी आकाराची मर्यादा २०१२ मध्ये १२३ रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आली. त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक वाढींसोबत भिंतीत घुसलेला कर्करोग होता. आणि घुसखोरी नेमकी गाठीच्या बुडाशीच असते असे नाही. दूरच्या, डोळ्याला साध्या दिसणाऱ्या भिंतीतही निघते. म्हणून उरलेले संपूर्ण पित्ताशय ३ मिमीच्या पट्ट्या कापून तपासणीला घातले गेले. आणखी २७ ब्लॉक, एकूण ३४. तंत्रज्ञाचे जादा काम, चार दिवस जास्त आणि बिलात ज्याची कुठेही ओळ नसते असा खर्च. तो टाळून ‘घुसखोरी नाही’ असे लिहिणे म्हणजे बागेच्या सात ओळी पाहून सगळ्या बागेत डाऊनी (द्राक्षावरचा केवडा रोग) नाही असे सांगणे.

एकविसाव्या ब्लॉकवर गाडी अडली. स्नायूच्या थरात दोन-तीन ग्रंथी, आणि त्यांत डिसप्लाझिया असलेल्या पेशी.

इथे पित्ताशयाची रचना समजून घ्यावी लागते. आतड्यात अस्तराखाली एक स्नायूची झिल्ली आणि मग सबम्युकोसा असतो. पित्ताशयात हे दोन्ही नाहीत. अस्तर, थेट स्नायू, मग सैल ऊतक, आणि यकृताच्या बाजूला बाहेरचे आवरणही नाही. त्यात जुनाट सुजेमुळे अस्तर स्नायूंमध्ये खिशासारखे शिरते. या खिशांना रोकिटान्स्की-ॲशॉफ सायनस म्हणतात. वरच्या अस्तरातला डिसप्लाझिया अशा खिशात उतरला तर ग्रंथी स्नायूत दिसतात, पण त्या घुसलेल्या नसतात. खिसा पूर्वीपासूनच तिथे होता, पेशी फक्त त्याच्या भिंतीवरून खाली आल्या. फरक मात्र मोठा पडतो. घुसखोरी मानली तर टी-१-बी टप्प्याचा, म्हणजे स्नायूत शिरलेला, कर्करोग, आणि यकृताचे ४बी व ५ हे भाग व लिम्फ नोड काढण्याची दुसरी मोठी शस्त्रक्रिया. खिसा मानला तर काहीच नाही.

पाहायचे असे. खिसा पृष्ठभागाला काटकोनात उतरतो, घुसलेल्या ग्रंथी बहुधा पृष्ठभागाला समांतर, आडव्या पसरतात. खिसा लांबट, गुळगुळीत, त्यात घट्ट झालेले पित्त अडकलेले. घुसलेली ग्रंथी लहान, कोनदार, आत पित्त नाही. खिशात अर्धे अस्तर साधे आणि अर्धे बिघडलेले असे एकाच पोकळीत मिळू शकते. घुसलेल्या ग्रंथीभोवती ऊतक फिकट आणि तंतुमय होते. खात्रीसाठी त्याच ब्लॉकचे आणखी खोल काप घेतले गेले. सहाव्या कापात ग्रंथीचे तोंड वरच्या अस्तराला जोडलेले दिसले. आत हिरवे पित्त. एका कडेला पूर्ण साधे अस्तर.

तरी दुसरे मत घेतले गेले, आणि ते घ्यायलाच हवे. इथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीही (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी चाचणी) झाली. म्यूक-६ बहुतेक पेशींत, म्यूक-५-एसी ठिकठिकाणी, सीके-७ सर्वत्र. हाय-ग्रेड भागात केआय-६७, म्हणजे विभाजन होणाऱ्या पेशींची खूण, वाढलेले. यातून वाढीची जात कळली. ती घुसली आहे का हे मात्र कोणताही रंग सांगत नाही, ते साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर आणि डोळ्यांवरच ठरते. ब्लॉक आणि स्लाइड मुलगा पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला घेऊन गेला. ब्लॉक नेताना एक जपायचे : पॅराफिन साधारण ५६ ते ५८ अंशांना वितळते आणि ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला डबा तेवढा तापू शकतो. ब्लॉक हातातल्या पिशवीत, मूळ रिपोर्टच्या प्रतीसह, आणि प्रत्येकाचा क्रमांक लिहून घेऊनच न्यायचे.

इकडे टाके काढायला बाई आठव्या दिवशी येऊन गेल्या होत्या. रिपोर्ट आला नव्हता, दुखणे थांबले होते आणि बागेची छाटणी सुरू होती. पुन्हा येण्याचे त्यांना कारणच नव्हते. फॉर्मवरचा फोन नंबर भाच्याचा निघाला, तो कामाला सातपूरला. अंतिम रिपोर्ट सतराव्या दिवशी आला. मुलाचा नंबर डबीच्या फोनामुळे प्रयोगशाळेकडे होता, म्हणून निरोप पोचला. खड्यांचे ऑपरेशन झालेल्या कितीतरी रुग्णांचे रिपोर्ट असे फाइलमध्येच राहतात. रिपोर्ट वाचला असे सर्जनने लिहून सही केल्याशिवाय फाइल बंद करू नये, एवढा साधा नियम यावर पुरतो.

मुलाचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता. ‘डॉक्टर, खडेच होते ना? मग हे मध्येच कुठून निघालं? कॅन्सर आहे का आईला?’

‘पिशवीत खड्यांबरोबर एक गाठ होती. तिच्यात एका जागी पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण भिंतीत शिरल्या नव्हत्या. सगळी पिशवी तपासली, मुंबईलाही दाखवली. कॅन्सर म्हणायची वेळ आलेली नाही. मावशी, तुमचं ऑपरेशन वेळेत झालं.’

‘मग परत कशाला यायचं?’ बाईंचा प्रश्न. तोही रास्त.

उत्तर असे की पित्ताशय आणि पित्तनलिका यांचे अस्तर एकाच जातीचे आहे. एका जागी अशी वाढ झाली तर पुढे काही वर्षांनी नलिकेत दुसरीकडेही काही होण्याची शक्यता थोडी जास्त राहते. म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) एकदा करून घेतले. दोन्हींत काही निघाले नाही. सिस्टिक डक्टची कड स्वच्छ, सोबत आलेला एक लिम्फ नोड स्वच्छ, पित्त सांडलेले नव्हते. पुन्हा शस्त्रक्रिया नाही, छिद्रांच्या जागा कापून काढणे नाही, केमोथेरपी नाही. घुसखोरी स्नायूपर्यंत निघाली असती तर दुसरी शस्त्रक्रिया साधारण ४ ते ८ आठवड्यांत करावी लागली असती. त्यातले अडीच आठवडे रिपोर्टच्या वाटेवर गेलेच होते.

रिपोर्टमध्ये शेवटी असे लिहिले : इंट्राकोलेसिस्टिक पॅपिलरी निओप्लाझम, १.७ सेंमी, सुटलेल्या अवस्थेत मिळालेला, बुडखा यकृताकडच्या बाजूला, एका ठिकाणी हाय-ग्रेड डिसप्लाझिया, रोकिटान्स्की-ॲशॉफ सायनसमध्ये पसरलेला, संपूर्ण पित्ताशय ३४ ब्लॉकमध्ये तपासले, घुसखोरी नाही, कड मुक्त. यातले ‘संपूर्ण’ आणि ‘३४’ हे शब्द गाळू नयेत. उद्या हा कागद दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरच्या हाती पडला तर ‘घुसखोरी नाही’ या वाक्यावर किती विसंबायचे हे त्याला या दोन शब्दांवरूनच कळते.

पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि लिव्हर फंक्शन टेस्ट, मग वर्षातून एकदा, असे ठरले. पुढची तारीख बाईंनी स्वतःच मागून घेतली : माल निघाल्यावर, एप्रिल छाटणीच्या आधी.